संजयाचे चिलखत : अर्धवेळ सैनिकाचा कॅमेरा आणि ऐकणाऱ्याची जबाबदारी

युद्धाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न साहित्यविचारात आपण बहुधा दोन ठरावीक उत्तरांनी मिटवतो. जो युद्धात गुंतलेला नाही त्यालाच ते नीट दिसते, असे एक उत्तर. ज्याने ते भोगले त्यालाच बोलण्याचा हक्क, असे दुसरे. पहिल्याला मराठीत भक्कम आधार आहे. १८५७ च्या धामधुमीचे आपल्याजवळचे सर्वांत जिवंत वर्णन विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आहे, आणि गोडसे लढवय्ये नव्हते, द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघालेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडलेले ते वरसईचे भिक्षुक होते. दुसऱ्या उत्तराला सैनिकांच्या आठवणींचे विपुल वाङ्मय आधाराला घेता येते. परंतु अर्धवेळ सैनिकांच्या दृष्टीतून घडलेले युद्धविषयक अनुबोधपट समोर ठेवले, की ही दोन्ही उत्तरे अपुरी पडू लागतात. ती का पडतात, आणि त्या अपुरेपणातून कोणता नैतिक प्रश्न उभा राहतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अर्धवेळ सैनिक ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघायचे आणि पावसाच्या तोंडावर घरी परतून शेताला लागायचे, हा मराठी फौजेतील मोठ्या भागाचा क्रम होता. स्वतःचे घोडे आणि स्वतःचे हत्यार घेऊन येणारा शिलेदार हा आजच्या अर्थाने पूर्णवेळ नोकर नव्हता. त्याला गाव होते, वतन होते, भाऊबंदकी होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सुरू झालेली प्रादेशिक सेना याच नागरिक-सैनिकाच्या तत्त्वावर उभी आहे. कोल्हापूरची मराठा लाइट इन्फन्ट्रीची प्रादेशिक बटालियन हे तिचे महाराष्ट्रातील एक उदाहरण. (प्रादेशिक सेनेचे नाव आपल्याकडे वर्तमानपत्रांत येते ते मात्र बहुधा मानद पद मिळालेल्या अभिनेत्यांमुळे व क्रिकेटपटूंमुळे, हाही एक प्रकारचा दृष्टिदोषच म्हणावा लागेल.) या माणसाचे वैशिष्ट्य असे की त्याच्याजवळ दोन भाषा असतात. एक छावणीची, दुसरी घराची. आणि पहिलीत घडलेले त्याला केव्हा ना केव्हा दुसरीत सांगावे लागते.

या दृष्टीने ‘द वॉर टेप्स’ (२००६) हा डेबोरा स्क्रॅन्टन यांचा अमेरिकी अनुबोधपट महत्त्वाचा आहे. न्यू हॅम्पशायर राज्याच्या नॅशनल गार्डची एक तुकडी २००४ साली इराकमध्ये पाठवली गेली. नॅशनल गार्ड म्हणजे एरवी आपापला व्यवसाय करणारे व ठरावीक दिवस कवायतीला जाणारे लोक. तुकडीबरोबर जाऊन चित्रीकरण करण्याची संधी स्क्रॅन्टन यांना देऊ केली गेली होती. ती नाकारून त्यांनी स्वयंसेवक सैनिकांच्याच हाती कॅमेरे दिले आणि स्वतः मागे राहून संगणकावरील पत्रव्यवहाराने दिग्दर्शन केले. बलाद येथील तळावरून निघणाऱ्या, रसद वाहणाऱ्या मालमोटारींच्या ताफ्यांचे रक्षण हे या तुकडीचे मुख्य काम. त्या मोटारी बऱ्याचशा खासगी कंत्राटदाराच्या होत्या, ही गोष्ट सैनिक विसरत नाहीत आणि चित्रपटही विसरू देत नाही. सैनिकांनी मिळून सुमारे ८०० तासांचे चित्रण केले. मागे राहिलेल्या कुटुंबीयांचे चित्रण निराळे. त्यातून ९७ मिनिटांचा चित्रपट सिद्ध झाला.

चित्रपटातील एक प्रसंग विवेचनासाठी घेतो. रात्रीच्या अंधारात रस्ता ओलांडणारी एक इराकी स्त्री ताफ्यातील वाहनाखाली येऊन मरते. ज्यांचे रक्षण करण्यासाठी आपण आलो असे या सैनिकांना सांगितले गेले होते, त्यांतलीच ती एक. प्रसंग सांगताना सैनिकाचा आवाज सैनिकी राहत नाही. तो घरच्या भाषेत शिरतो, अडखळतो, तपशिलांना धरून राहू पाहतो. तटस्थ वार्ताहराने हाच प्रसंग सांगितला असता तर तो ‘घटना’ म्हणून सांगितला असता. पूर्णवेळ सैनिकाने कदाचित तो सांगितलाच नसता, किंवा ज्या भाषेत अशा मृत्यूंना आधीच नावे ठरलेली असतात त्या भाषेत सांगितला असता. येथे ऐकू येणारी अडखळ ही दोन भाषांच्या मधल्या जागेतून येते, आणि माझ्या मते या चित्रपटाचे खरे मोल तेथे आहे.

तरीही एक आक्षेप उरतोच, आणि तो किरकोळ नाही. या पटातील कॅमेरा बहुतेक वेळा गाडीत किंवा सैनिकाच्या अंगाजवळ असतो, म्हणजे शस्त्र ज्या दिशेने रोखलेले असते त्याच दिशेने तोही पाहतो. निवेदनमीमांसेत आपण ‘कोण बोलतो’ आणि ‘कोण पाहतो’ असा भेद करतो. येथे तिसरा प्रश्न विचारावा लागतो : कोण रोखतो? पाहणे आणि नेम धरणे या क्रिया एका रेषेत आल्या की प्रेक्षकाचे तादात्म्य आपोआप त्या रेषेशी जुळते. रस्त्याच्या कडेला उभा असलेला इराकी माणूस मग माणूस म्हणून दिसण्याआधी धोका म्हणून दिसतो. तो उलट काय पाहतो, हे दाखवण्याची सोय या चौकटीत नाही. चित्रपटातील तीन प्रमुख सैनिकांपैकी एक, झॅक बझी, हा लेबनॉनमध्ये जन्मलेला व अरबी जाणणारा आहे. तो पलीकडच्या माणसांशी दोन वाक्ये बोलतो तेव्हा क्षणभर ती चौकट सैल होते. पण एका दुभाष्याच्या खांद्यावर हा सगळा भार टाकता येणार नाही. ८०० तासांतून ९७ मिनिटे निवडणारा हातही सैनिकाचा नव्हता, तो घरी बसलेल्यांचा होता. तेव्हा ‘सैनिकाची अस्सल दृष्टी’ असे जे या पटांविषयी उत्साहाने म्हटले जाते त्यातील ‘अस्सल’ हा शब्द समीक्षकाने तरी जपून वापरावा.

हा आक्षेप मान्य करूनही प्रश्न संपत नाही, असे मला वाटते. तो संपत नाही हे दाखवण्यासाठी आपल्या परंपरेतील युद्धनिवेदकाकडे वळणे आवश्यक आहे.

संजय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजवाड्यात धृतराष्ट्राशेजारी बसलेला, दिव्यदृष्टीने दूरचे पाहणारा निवेदक उभा राहतो. कीर्तनांनी, नाटकांनी आणि अलीकडे दूरचित्रवाणीने ही प्रतिमा पक्की केली. महाभारताची संहिता मात्र वेगळे सांगते. भीष्मपर्वात व्यास संजयाला जो वर देतात त्यात दिव्यदृष्टीबरोबर आणखी एक गोष्ट आहे : शस्त्रे त्याला छेदणार नाहीत, श्रम त्याला बाधणार नाहीत. घरी बसून पाहणाऱ्याला या अभयाची गरज काय? पुढे संजय रणभूमीवरून धावत येतो आणि भीष्म पडल्याची वार्ता आधी सांगतो, मग युद्धाच्या आरंभाकडे वळतो. गीताही आपण ऐकतो ती भीष्म पडल्यानंतर, मागे वळून. शल्यपर्वात तर संजय स्वतः लढताना सापडतो. सात्यकी त्याला जिवंत पकडतो, मारण्यासाठी शस्त्र उचलतो, तेवढ्यात व्यास येऊन त्याला सोडवतात. चिलखत उतरवून, निःशस्त्र, रक्ताने माखलेला संजय हस्तिनापुराकडे निघतो आणि वाटेत त्याला एकटा, गदा घेतलेला दुर्योधन भेटतो. दोघांचे डोळे भरलेले असतात. काही वेळ संजयाला बोलता येत नाही.

हा संजय वार्ताहर आहे, सूत आहे, राजाचा विश्वासू आहे आणि प्रसंगी सैनिक आहे. ‘अर्धवेळ’ हा शब्द मी त्याला जाणीवपूर्वक लावतो. त्याची दृष्टी तटस्थ नाही. तो कौरवांच्या बाजूने लढला आहे, शत्रूने त्याला मारण्यासाठी धरले आहे. तरीही त्याचे निवेदन एका पक्षाची कैफियत होत नाही. ते तसे का होत नाही, याचे उत्तर त्याच्या डोळ्यांत शोधू नये, त्याच्या श्रोत्यात शोधावे. संजय ज्याला सांगतो आहे तो या युद्धाला जबाबदार आहे, आणि संजय ते त्याला पुन्हा पुन्हा, स्पष्ट शब्दांत सुनावतो. धृतराष्ट्र रडतो, मूर्च्छित होतो, आणि शुद्धीवर आला की पुन्हा विचारतो : मग काय झाले? संजय सांगतो, आणि सांगता सांगता विचारतो : हे तुझ्यामुळे झाले, आता शोक कशाचा? श्रोता येथे निष्पाप नातलग नाही. तो आंधळा असल्याने त्याला पाहता येत नाही, पण ऐकल्यावाचून सुटकाही नाही.

‘द वॉर टेप्स’ची मर्यादा या कसोटीवर अधिक नेमकी सांगता येते. या चित्रपटात सैनिक घरी परततात आणि कॅमेरा त्यांच्या बायका, आई, मैत्रीण यांच्यासमोर येऊन थांबतो. प्रेक्षकाला जागा मिळते ती या कुटुंबात. तो हळहळतो, समजून घेतो, सैनिकाची झोप उडाली म्हणून त्याचीही उडते. पण ज्यांच्या मतांनी, करांनी आणि मौनाने ते ताफे बलादच्या रस्त्यावर गेले त्यांतला मी एक आहे, ही जाणीव देणारा संजयाचा प्रतिप्रश्न त्याला क्वचितच ऐकू येतो. खासगी कंत्राटदारांविषयी सैनिक जेथे कडवटपणे बोलतात तेथे तो प्रश्न दारापर्यंत येतो, आत मात्र येत नाही.

‘सेन्सर्ड व्हॉइसेस’ (२०१५) या मोर लूशी यांच्या अनुबोधपटात हा प्रश्न वेगळ्या रीतीने आत आणला आहे. १९६७ च्या जूनमधील युद्धाहून परतलेल्या, किबुत्झमध्ये राहणाऱ्या इस्रायली तरुणांशी अमोस ओझ, अव्राहम शपिरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळी संभाषणे केली व ध्वनिमुद्रित केली. त्यांवरून एक पुस्तक निघाले. ध्वनिफितींतला बराच भाग बाहेर आला नाही. तो कोणी व किती वगळला याबद्दल वाद आहेत. पटामध्ये तेच लोक म्हातारपणी, आपलाच तरुण आवाज ऐकत, गप्प बसलेले दिसतात. बोलणारा आणि ऐकणारा एकच, मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे. संजय आणि धृतराष्ट्र एका देहात आले तर काय दिसेल, ते या चेहऱ्यांवर दिसते. येथेही पलीकडच्या, घरे सोडून जाणाऱ्या माणसांचा आवाज नाही, हे नोंदवले पाहिजे. पण श्रोत्याला येथे नातलगाच्या ओळीत बसून सुटता येत नाही.

आता खानदेशाकडे येतो, कारण जळगाव आणि धुळे येथील आमच्या पदव्युत्तर वर्गांत या प्रश्नाला स्थानिक चेहरा आहे. १८२५ साली लेफ्टनंट जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल कोअर उभारले. भिल्लांच्या बंडाळ्या मोडण्यासाठी भिल्लांनाच शिपाई करायचे, हे त्यामागचे धोरण. औट्रमच्या शिकारी, त्याचे धाडस, त्याने मिळवलेला विश्वास यांची वर्णने इंग्रजी ग्रंथांत भरपूर आहेत. तो पाहतो, तोच बोलतो. ज्याने कवायत शिकून आपल्याच डोंगरातल्या माणसावर बंदूक रोखली त्या शिपायाची एक ओळही आमच्या अभ्यासक्रमात नाही. त्याच्याजवळही दोन भाषा होत्या. त्याच्या घरची भाषा ऐकायला कोणी बसले नव्हते.

खाज्या नाईक हे नाव या संदर्भात महत्त्वाचे. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाची रखवाली त्याच्याकडे होती, म्हणजे ताफे सुखरूप जाऊ देणे हे त्याचे काम. बलादच्या रस्त्यावरील सैनिकांचे काम याहून फारसे वेगळे नव्हते. १८५७ मध्ये तो सरकारविरुद्ध उठला आणि त्याच रस्त्यावरून जाणारा सरकारी खजिना त्याने लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे लढाई झाली, तेव्हा सरकारी बाजूला भिल्ल कोअरही होते. रस्ता राखणारा आणि रस्ता अडवणारा यांच्यामधले अंतर या माणसाने एका आयुष्यात ओलांडले. गॅझेटियर त्याची नोंद बंडखोर म्हणून करते, आजचा गौरवपर इतिहास हुतात्मा म्हणून. दोन्ही नोंदी त्याच्या पहिल्या नोकरीपाशी अडखळल्यासारख्या होतात आणि घाईने पुढे जातात.

माझ्या वर्गातील मुलांपैकी कोणाचा भाऊ सैन्यात असतो, कोणाचा धुळ्याच्या राज्य राखीव दलात, कोणी स्वतः होमगार्ड म्हणून गणपतीच्या बंदोबस्तात उभे राहिलेले असते. ‘द वॉर टेप्स’विषयी चर्चा होते तेव्हा ती लगेच सैनिकाच्या बाजूने बोलू लागतात, आणि त्यात गैर काही नाही. अंबापाणीची गोष्ट निघाली की वर्गात काही वेळ शांतता पसरते. आडनावे दोन्ही बाजूंची असतात. एकाने एकदा विचारले की त्या दिवशी सरकारी बाजूने लढलेला भिल्ल शिपाई संध्याकाळी धरणगावच्या लायनीत परतल्यावर बायकोला काय म्हणाला असेल. तो प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आणि त्यावर निबंध लिहायला सांगितला. आलेल्या निबंधांत बहुतेकांनी शिपायाच्या तोंडी लांब भाषणे घातली होती. दोघी मुलींनी मात्र बोलणे बायकोकडे दिले होते. तिने नवऱ्याला पाणी दिले आणि विचारले, तिकडे आपल्यातले कोण कोण होते.