बुद्धीची वकिली

संतसज्जनहो, आज ज्या दोषाचा विचार करावयाचा आहे, त्याचे नाव षड्रिपूंच्या यादीत सापडत नाही. काम, क्रोध, लोभ ही नावे लहान पोरांनाही पाठ असतात. पण हे सहा चोर घरात शिरले की त्यांना दाराआड लपविणारे एक माणूस आपल्याच घरचे असते, तिकडे आपले लक्ष जात नाही. ते माणूस म्हणजे आपली बुद्धी! मन चुकते आणि बुद्धी त्याची वकिली करते. घडलेले पाप पश्चात्तापाने धुऊन निघते; पण ज्या पापाला बुद्धीने पुण्याचे नाव देऊन टाकले, त्याचा पश्चात्ताप करणार कोण?

आपल्या बोलीत याला सबब म्हणतात, मखलाशी म्हणतात. अर्नेस्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश मानसविश्लेषकाने १९०८ साली या दोषाला मानसशास्त्रात स्वतंत्र नाव दिले. कृत्याचे खरे कारण मनाच्या तळाशी झाकून ठेवायचे, आणि जगाला, मुख्यतः स्वतःला, पटेल असे दुसरे चांगले कारण पुढे करायचे, हे त्याचे लक्षण. हे खोटे बोलणे नव्हे बरे! खोटे बोलणाऱ्याला आपण खोटे बोलतो हे ठाऊक असते. इथे फसविणारा आणि फसणारा एकच.

आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर असे : डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असे म्हणणे, हे अनुमान. इथे हेतू आधी, निर्णय मागून. सबब सांगणारा उलटा चालतो. अग्नी आहे असे तो आधीच ठरवितो, आणि मग धूर करायला ओली लाकडे शोधत हिंडतो. गौतमांनी वाद आणि जल्प यांत भेद केला आहे. सत्य कळावे म्हणून करायचा तो वाद. जिंकण्यासाठी करायचा तो जल्प. सबब म्हणजे मनातल्या मनात चाललेला जल्प, जिथे वकीलही आपण आणि न्यायाधीशही आपणच. मग निकाल काय लागणार?

वाल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. वाटसरूंना लुटणाऱ्या त्या माणसाजवळ कारण होते, आणि ते चांगले होते : बायकापोरांचे पोट. नारदांनी त्याला पापपुण्याचे व्याख्यान दिले नाही. ‘ज्यांच्यासाठी करतोस त्यांना विचारून ये, पापाचे वाटेकरी होता का,’ एवढेच सांगितले. घरच्यांनी नकार दिला आणि वाल्याचे कारण जागच्या जागी कोसळले. आधी कारण पडले, तेव्हाच माणूस उभा राहिला.

कोणी म्हणेल, कारण खरोखरच भक्कम असेल तर? तर धर्मराजाकडे पहा. सेना मरते आहे, द्रोणाचार्य आवरत नाहीत, प्रत्यक्ष श्रीकृष्ण सुचवीत आहेत, याहून बळकट कारण कोणते? तरीही अश्वत्थामा पडल्याचे सांगून हत्तीचा शब्द हळू उच्चारताच, जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्यांचा रथ खाली टेकला. आणि शेवटी, थोडा वेळ का होईना, नरक पाहावा लागला. कारणाने कृत्य समजते, पण पुसले जात नाही.

आणखी एक गोष्ट. १९५९ साली फेस्टिंजर आणि कार्लस्मिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कंटाळवाणे काम करायला लावले आणि ‘काम फार मजेचे आहे’ असे पुढच्या माणसाला सांगायला सांगितले. त्याबद्दल काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. मागाहून विचारले तेव्हा २० डॉलरवाल्यांनी ते काम फारसे आवडल्याचे सांगितले नाही; १ डॉलरवाल्यांना मात्र ते बरेच आवडल्यासारखे वाटू लागले होते! फेस्टिंजर यांनी लावलेला अर्थ असा : भरपूर पैसे मिळालेल्याला आपण खोटे कशासाठी बोललो ते ठाऊक असते. थोडक्यासाठी बोललेल्याला कारण पुरत नाही, म्हणून तो आपले मतच बदलून घेतो. भाविकहो, मोठ्या पापाला आपण भितो. पण बुद्धी बाटते ती अशा एका रुपयाच्या पापाने.

एकट्यादुकट्याचे असे होते, तसे सबंध समाजाचेही होते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. त्यांचे अभंग गात आपण आत जात होतो आणि त्यांच्या ज्ञातीबांधवांना शतकानुशतके बाहेर ठेवीत होतो. कारणे कमी नव्हती : रूढी आहे, शास्त्र आहे, लोक काय म्हणतील! १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावले तेव्हा ते दार उघडले. दार लाकडाचे होते. त्याला लावलेली कडी मात्र सबबींची होती.

ती कडी आजही जागोजाग दिसते. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ साली झाला; आता हुंडा कोणी मागत नाही, ‘मुलीला हौसेने दिले’ म्हणतात. चंद्रभागेत पत्रावळ टाकणारा म्हणतो, ‘माझ्या एकट्याने काय होणार?’ कथेचा विक्रय संप्रदायाने निषिद्ध मानला. पण आम्हा कीर्तनकारांच्या वर्गातही आकडा आधी ठरवून त्याला ‘प्रवासखर्च’ म्हणणारे आहेत. नाव बदलले की वस्तू बदलते काय?

मग खरे कारण आणि सबब ओळखावी कशी? तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला : हे कारण निर्णयाच्या आधी सुचले की मागून? दुसरा : हेच कारण भांडलेल्या भाऊबंदाने सांगितले असते, तर आपण मानले असते का? तिसरा : यात आपला लाभ नसून तोटा असता, तरी हे कारण इतकेच पटले असते का? तिन्हींत टिकले तर ते कारण खुशाल मानावे. ज्या म्हाताऱ्याचे गुडघे खरोखर चालत नाहीत, त्याने वारी चुकली म्हणून झुरू नये. पांडुरंगाला गुडघे दिसतात.

एक सावधगिरी मात्र हवी. ही परीक्षा दुसऱ्यावर चालवू नये. शेजाऱ्याची सबब आपल्याला लगेच दिसते, आणि ती शोधण्यात आपली लपून राहते. सून माहेरी का गेली, अमका वारीला का आला नाही, याचा निवाडा करायला आपल्याला कोणी नेमलेले नाही.

तात्पर्य, वकील नेमतो तो अहंकार. ‘मी चांगला’ हे सिद्ध करायचे असते म्हणून सारी धडपड. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ते याच्यासाठी. ज्याला काही सिद्ध करायचे उरले नाही, त्याला वकील लागत नाही. विठ्ठलासमोर उभे राहून कारणे सांगायची नसतात. ‘देवा, हे असे झाले’ एवढेच म्हणायचे असते. तेवढे म्हणता आले की पुढचे तो पाहतो.

रामकृष्णहरी.