फोटोतले पाणी

फोटो समोर ठेवून पेस्टल खडूंनी नदी काढण्यात गैर काय? वरवर पाहता काहीच नाही. आमच्या घरांतून निसर्गचित्राला सहसा विरोधही होत नाही. माणूस, पशुपक्षी काढू नका म्हणणारी वडीलधारी मंडळीसुद्धा झाडे-पाणी काढायला हरकत घेत नाहीत. पण परवानगी मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, असे आम्हाला वाटत नाही.

नांदेड-लातूरकडे चित्र काढणारा कोणते पाणी काढतो? फोटो बहुधा पावसाळ्याअखेरचा असतो. नांदेडच्या नगीना घाटावरून दिसणारी भरलेली गोदावरी, नाहीतर धनेगावचे तुडुंब मांजरा धरण. आटलेल्या पात्राचा फोटो वर्तमानपत्रात येतो, दिवाणखान्यात लागत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात हेच मांजरा धरण कोरडे पडले होते. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, सुमारे 340 किलोमीटरवरून! त्या दिवसांत कोणी जुन्या फोटोवरून भरलेले धरण रंगवले असते, तर ते खोटे ठरले असते का?

आम्ही नाही म्हणू. तहानलेल्याने पाणी आठवावे, यात खोटे काय? खोटेपणा दुसऱ्याच वाटेने शिरतो.

पाणी आणि काठावरची हिरवळ यांच्यामध्ये पुष्कळदा मातीचा एक फिकट पट्टा असतो. पाणी किती उतरले, याची ती खूण. चित्र गोड दिसावे म्हणून हा पट्टा गाळण्याचा मोह होतो. हिरवळ सरळ पाण्याला टेकवली की झाले! रंग बदलण्याला आमची हरकत नाही. ते तर करावेच लागते. कॅमेरा सावली काळीठिक्कर करतो आणि चकाकी पांढरीफटक. पाण्यातले गर्द झाड काठावरच्या झाडापेक्षा थोडे फिकटच असते. खडू उभा ओढून बोटाने पुसावा, वरून एखादी आडवी फिकट रेघ द्यावी, तेव्हा कुठे पाणी सपाट बसते. हे सारे चित्राचे काम. पट्टा गाळणे मात्र साक्ष फिरवणे आहे.

कोणी म्हणेल, चित्र म्हणजे तलाठ्याचा पंचनामा नव्हे. खरे आहे; कोकणातल्या चित्रकाराला आम्ही हे विचारणारही नाही. पण वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. समोर पाणी दिसते म्हणून ते उधळायला मोकळे नसते. ज्या मुलुखात टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे गेले, तिथे भिंतीवरच्या चित्राने मुलांना पाणी कायमचेच असल्याचे का सांगावे?

खडूचे एक बरे असते. त्याखाली कागद पुरता झाकला जात नाही, खडूच्या कणांमधून तो दिसत राहतो. म्हणून अशा चित्राला पांढरा कागद न घेता मातकट घ्यावा. आणि सहीपाशी तारीख घालायची ती चित्र पुरे झाल्याची नको, फोटो काढल्याचा महिना आणि साल असावे.