किड्याचे उपकार

संकट माणसाला शहाणे करते, असे आपण घरोघर ऐकतो आणि मुलांना ऐकवतोही. पण म्हणून त्या संकटाचे जाहीर आभार मानावेत काय? अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा राज्यात, एंटरप्राइज नावाचे शेतकऱ्यांचे एक गाव आहे. त्याने ते मानले. 11 डिसेंबर 1919 रोजी तेथे भर चौकात स्मारक उभे राहिले, ते कोणा सेनापतीचे नव्हे, कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या सोंडकिड्याचे!

हा किडा 1892 च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासात शिरला आणि 1915 पर्यंत या गावच्या शेतांत पोचला. तोवर तेथे कापूस म्हणजेच शेती आणि कापूस म्हणजेच पत. कापूस गेला आणि कर्जे थकली. तेव्हा 1916 साली एच. एम. सेशन्स या व्यापाऱ्याने सी. डब्ल्यू. बॅस्टन या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहून त्याला भुईमूग पेरायला लावला. त्या पिकावर बॅस्टनचे कर्ज फिटले. शेजाऱ्यांनी हे पाहिले, आणि 1917 साली त्या कॉफी परगण्यात (नाव कॉफीचे, पीक शेंगांचे!) देशात सर्वांत जास्त भुईमूग निघाला.

गंमत अशी की, स्मारकावर आधी किडा नव्हताच; ग्रीक धाटणीची एक स्त्रीमूर्ती तेवढी होती. तिच्या उंचावलेल्या हातांत किडा बसवला तो 1949 साली. उपकारकर्त्याचे तोंड पाहायला गावाला तीस वर्षे लागली म्हणायची.

आपल्याच पडझडीकडे पाहून हसणाऱ्या गावाचे मला कौतुक वाटते. परंतु हे आभार मानले कोणी? ज्याची जमीन आणि ज्याला पत, त्याने. दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस करणारी माणसे, आणि त्यांत कितीतरी काळी कुटुंबे, उधारीवरच हंगाम काढीत. काय पेरायचे हे बहुधा त्यांच्या हाती नसे. त्याच वर्षांत दक्षिणेतली अशी हजारो कुटुंबे बोचकी बांधून शिकागो, डेट्रॉइटकडे निघाली. त्याला वर्णद्वेषाचा जाच कारण होता, तसा किडाही. आणि त्याच राज्यात, टस्कीगीच्या संस्थेत, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा काळा शास्त्रज्ञ किडा येण्याआधीपासून जमिनीचा कस राखायला भुईमूग लावा म्हणून सांगत होता. मग गुरू किडा कसा?

संकटाचे आभार ज्याने ते सोसले त्याने, आणि तेही स्वतःपुरतेच, मानावेत असे मला वाटते. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने (ही जात निराळी) कपाशी खाल्ली. त्या शेतकऱ्याला एंटरप्राइजची गोष्ट सांगायला कोणी गेलाच, तर त्याने किड्याआधी सेशन्सची गोष्ट सांगावी. आणि पुढच्या पेरणीला बियाण्याचे पैसे कोण देणार, हेही तेथेच बसून विचारावे.