उतारशाळेच्या मालकाचे काम



चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दाखल्यात आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे उतारशाळेचा मालक. शोमरोन्याने जखमा बांधल्या, एक रात्र सोबत काढली आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. त्यानंतर त्या जखमीचे अंथरूण, पाणी, जेवण आणि कण्हणे हे सारे मालकाच्या वाट्याला आले. शुभवर्तमान त्याचे नावही सांगत नाही. आज त्याच्या कामाविषयी लिहावेसे वाटते, कारण आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत तेच काम चालू आहे. ज्या घरी संधिवाताने जखडलेली आई, सासू किंवा वडील आहेत, ते घर म्हणजे एक उतारशाळाच आहे.

संकट एकाएकी आले की माणूस धावून जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावांकडे दूरदूरहून लोक मदतीला आले. ती धाव म्हणजे देवाच्या प्रेमाचीच खूण होती. परंतु वीस वर्षे दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी आणि वाकड्या झालेल्या बोटांसाठी कोणी धावून येत नाही. सुरुवातीला शेजारी विचारपूस करतात. पुढे ते दुखणे घरातल्या जुन्या बाजेसारखे होते. ते असते, पण कोणाला दिसत नाही.

हे दुखणे थोडक्यांचे नाही. आपण पुण्याला जाताना इंदापूर मागे पडल्यावर भिगवण लागते. तेथे १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमात घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना सांधे, हाडे किंवा स्नायूंचे दुखणे होते. आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के, म्हणजे हजारात पाच होते. आमवातात शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. तो स्त्रियांना अधिक होतो आणि ऐन कामाच्या वयातही होतो. औषधांनी तो आवरता येतो, वेळेवर उपचार झाले तर सांधे वाचतात. पण बहुतेकांना उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागतात.

येथे एक खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. कोणतेही काम त्याच्या हेतूवरून जोखावे, असे तत्त्वज्ञान सांगते. शुश्रूषेचा हेतू रोग घालवणे एवढाच असेल, तर जुनाट रुग्णाची शुश्रूषा रोजच अपयशी ठरते. मग थकलेली सून मनात म्हणते, "एवढे करून उपयोग काय?" आणि रुग्ण म्हणतो, "माझे ओझे कशाला?" हे दोन्ही प्रश्न एकाच चुकीच्या मापातून निघतात. रोग बरा करणे वेगळे आणि माणसाची काळजी घेणे वेगळे. दुसऱ्या कामाचा हेतू हा की, रोग राहिला तरी त्या माणसाचे माणूसपण हरवू नये. या मापाने पाहिले, तर सकाळी दिलेला गरम पाण्याचा तांब्यासुद्धा वाया जात नाही.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे विश्वास ठेवणे. आमवाताचे दुखणे रोज सारखे नसते. सकाळी सांधे आखडतात, मूठ वळायला तासाहून अधिक वेळ लागतो, दुपारी तीच बाई थोडी हिंडते. मग घरात बोलले जाते, "काल तर अंगण झाडत होत्या, आज उठवत नाही म्हणे!" दुसऱ्याची वेदना आपल्याला दिसत नाही, ती सांगणाऱ्याच्या शब्दावरच मानावी लागते. म्हणून दुखणाऱ्या माणसाला खोटे ठरवणे हा साधा संशय नव्हे, तो त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्याकडे असलेली एकमेव साक्ष आपण नाकारतो.

दुसरी गोष्ट, रुग्णाचे जे आहे ते त्याच्याकडे राहू देणे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभू येशूने आधी त्याची इच्छा विचारली. आपण मात्र न विचारता घास भरवतो, न विचारता उचलतो. त्यात प्रेम असते, पण पुष्कळदा घाईही असते. कारण तिला पोलक्याचे बटण लावायला दहा मिनिटे लागतात आणि आपल्याला खुरपणीला जायचे असते.

येथे संत आल्फोन्स लिगोरी आठवतात. नीतिशास्त्राचे हे थोर आचार्य बिशप असताना १७६८ साली संधिवाताच्या तीव्र आजाराने खिळले. त्यांची मान इतकी वाकली की हनुवटी रुतून छातीवर जखम झाली. पाणीसुद्धा नळीने प्यावे लागे. आता यांच्या हातून मिस्सा होणार नाही, असेच कोणालाही वाटले असते. परंतु एका ऑगस्टिनियन मठप्रमुखाने त्यांना खुर्चीचा आधार कसा घ्यावा हे दाखवले, आणि सेवकाच्या मदतीने ते प्याला ओठांपर्यंत नेऊ लागले. त्या मठप्रमुखाने त्यांचा आजार घालवला नाही. मिस्सा मात्र त्यांची त्यांना परत मिळाली.

आपल्या घरातही अशी खुर्ची शोधता येते. उलथन्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा, म्हणजे पकडता येईल. कळशीचे ओझे बोटांवर येऊ देऊ नका. शौचासाठी उंच बैठक करा. उठवताना हात धरून ओढू नका. सांधा सुजून तापला असेल तर विश्रांती द्या, उतरला की डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चुकवू नका. भाकरी थापता येत नसेल तर भाजी निवडण्याचे काम त्यांच्याकडेच ठेवा. औषधांत विशेष दक्षता हवी. आमवातावरील मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून वार ठरवून भिंतीवर लिहून ठेवा आणि रक्ताची तपासणी टाळू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने सुरू करू नका आणि एकदम बंदही करू नका.

आता पुन्हा उतारशाळेकडे वळू. मालकाने सेवा फुकट करावी, असे शोमरोन्याने गृहीत धरले नाही. त्याने दोन दिनार दिले, जास्त खर्च झाला तर भरून देण्याचे कबूल केले आणि परत येण्याचा शब्द दिला. आपल्याकडे शुश्रूषा बहुधा सुनेवर किंवा लेकीवर पडते. ती रानातून येते, चूल पेटवते, मग सासूबाईंचे पाय शेकते. पुण्यामुंबईत असलेला मुलगा पैसे पाठवतो, हे चांगलेच. पण दिनारांबरोबर परत येण्याचा शब्दही होता, हे त्याने विसरू नये. जो मुलगा घरीच आहे, त्याने आईचे पाय शेकले तर त्याची पुरुषी अब्रू जात नाही. प्रभूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले.

आणि धर्मग्राम म्हणून आपले दिनार कोणते? प्रत्येक विभागाने आपल्या भागातील अशा घरांची यादी करावी. रविवारी कोणीतरी दोन तास रुग्णाजवळ बसावे, म्हणजे सेवा करणारीला मिस्सेला येता येईल. तपासणीच्या दिवशी एखाद्या तरुणाने मोटारसायकल नव्हे, तर रिक्षा करून रुग्णाला दवाखान्यात न्यावे. ज्यांना चर्चमध्ये येणे जमत नाही, त्यांची नावे मला कळवा. ख्रिस्तप्रसाद त्यांच्या घरी आणला जाईल.

ज्या माउल्या वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेत न येता हे काम करीत आहेत, त्यांना मी एवढेच सांगेन: तुमचा रुग्ण बरा झाला नाही, म्हणून तुमची सेवा फसलेली नाही. शोमरोन्याने ज्याच्या हाती आपला माणूस विश्वासाने सोपवला, त्या मालकाच्या जागी तुम्ही आहात. तो परत येणार आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू