सातबारा आणि यात्रेची पत्रिका

मोबाईलवर नुसतं 'दिघी' टाकलं की रायगड जिल्ह्यातलं बंदर पुढं येतं. आमची दिघी त्याच्या मागून, तीही पुढं 'पुणे' जोडलं तर. समुद्र नाही, नदीचा घाट नाही. पुण्याहून आळंदीला जाताना कळस मागं पडलं की लागणारं गाव, एवढीच तिची ओळख कित्येक वर्षं होती.

त्या रस्त्यानं आजही गेलात तर आधी दिसतं ते कुंपण. लष्कराच्या दारूगोळ्याचं कोठार म्हणजे 'मॅगझिन', आणि त्यावरून पडलेलं मॅगझिन चौक हे नाव. कितीतरी जणांना तिथं पुस्तकांचं दुकान असावं असं वाटतं! डोंगराच्या बाजूला १९९४ साली सुरू झालेलं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अलीकडं कळसला संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा. विदेश संचार निगमची जमीन तर प्रचंड. २००२ साली सरकारनं त्या कंपनीतला मोठा हिस्सा टाटांना विकला, तेव्हा ७७३ एकर जादा जमीन व्यवहाराबाहेर ठेवली. देशातल्या चार शहरांत विखुरलेल्या या जमिनीपैकी ५२४ एकर एकट्या दिघीत. परदेशाशी बोलण्यासाठी घेतलेल्या त्या माळाचं काय करायचं, हा प्रश्न मग दिल्लीत वर्षानुवर्षं फायलींतून फिरत राहिला.

म्हणजे दिघीची वाढ ठरवली ती सरकारच्या कुंपणांनी. कोठाराभोवती रेड झोन, तिथं बांधकामाला बंदी. उरलेल्या तुकड्यांत गाव दाटीवाटीनं वाढलं. शेजारच्या बोपखेलच्या माणसाला विचारा. लष्करी हद्दीतून दापोडीला जाणारा त्यांचा रस्ता २०१५ साली बंद झाला, आणि पलीकडं दिसणाऱ्या दापोडीला जायला त्यांना दिघी-भोसरीचा वळसा पडू लागला. पुढं मुळेवर पूल झाला. पण कुंपण कुणाच्या दिवसातले किती तास खातं, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली ती १९९७ साली. भोसरीची एमआयडीसी तोवर जुनी झाली होती आणि चाकणचे कारखाने यायचे होते. कामगाराला घर हवं होतं आणि शेतकऱ्याला पैसा. एकर मोडून गुंठे झाले. हजार-अकराशे चौरस फुटांचा तो तुकडा, त्यावर आधी पत्र्याची खोली, मग वर मजला, मग भाडेकरू. सरकारनं २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून असली बांधकामं नियमित करायची वाट काढली, २०२१ मध्ये मुदत आणखी पुढं ढकलली. घरं आधी आणि कायदा मागून, असा तो क्रम. गल्ल्या इतक्या अरुंद का, याचं उत्तरही त्यातच आहे.

आता मुद्द्यावर येतो. अशा गावांबद्दल लिहिताना एक वाक्य हटकून येतं: शहर वाढलं, तरी गावानं परंपरा जपली. मला त्यातला 'तरी' खटकतो. परंपरा टिकली ती शेती गेल्यामुळं.

बैलगाडा शर्यत बघा. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी तिच्यावर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या काळात भोसरी, मोशी, चिखलीच्या शिवारातली शेती घटत गेली आणि शर्यतीची ओढ मात्र वाढत गेली. घाटात पळणारा बैल बहुधा नांगराला जुंपलेलाच नसतो. त्याचा खुराक शेतीच्या उत्पन्नातून चालत नाही. तो विकलेल्या गुंठ्यांतून, भाड्यातून, ठेकेदारीतून चालतो. शेत होतं तेव्हा बैल कामाचा होता. शेत गेलं आणि तो मानाचा झाला.

यात्रेचंही तेच. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावची यात्रेची पत्रिका नीट वाचा. अभिषेक, मांडव-डहाळे, शेरण्या, छबिना, कुस्त्यांचा आखाडा. आणि खाली नावांची रांग, त्यात फिरून फिरून तीच चार-पाच आडनावं. गावात राहणाऱ्यांत ही आडनावं आता मूठभर. मतदारयादीत, शाळेच्या पटावर, पाण्याच्या टँकरपुढच्या रांगेत ती शोधावी लागतात. पूर्वी 'मी इथला' हे सातबारा सांगायचा. आता ते सांगायला पत्रिका उरली आहे. म्हणून तिच्यातल्या नावांच्या क्रमावरून भावकीत अबोला धरला जातो, आणि मला तो अजिबात हास्यास्पद वाटत नाही.

मग बाहेरून आलेल्यांचं काय? लातूरचा, परभणीचा, बुलढाण्याचा माणूस पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत उभा असतो. निवृत्त फौजी पेन्शनीतून घर बांधतो. यांना इथली यात्रा म्हणजे रस्ता बंद असण्याचा दिवस. त्यांची यात्रा त्यांच्या गावाला. तिथं ते रजा काढून जातात, वर्गणी पाठवतात. पंचवीस वर्षं इथं राहूनही 'गावाला जातो' म्हणतात. एका गावात दोन गावं राहतात, एक जमीन विकून आणि दुसरं ती विकत घेऊन.

ती दोन्ही रस्त्यावर एकत्र येतात ते ज्येष्ठ वद्य नवमीला. आदल्या दिवशी आळंदीतून प्रस्थान ठेवलेली माउलींची पालखी त्या सकाळी थोरल्या पादुकांवरून दिघीमार्गे पुण्याला निघते. हा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिला तेव्हा इथं ना कोठार होतं ना कारखाना. महापालिकेचा स्वागताचा मांडव असतो, नगरसेवकांचे फ्लेक्स असतात, जुन्या घरांचे मानपान असतात. पण या दिवसाची पत्रिका दिघीच्या हातात नाही. इथून जाणाऱ्या कितीतरी दिंड्या मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या. म्हणजे भाडेकरूंच्याच मुलखातल्या.

एका वर्षी मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. शेजारी एक बाई केळ्यांची पाटी घेऊन. येणाऱ्या प्रत्येक दिंडीला त्या एकच विचारत होत्या, "माउली, गंगाखेडची दिंडी मागं हाय का?" बऱ्याच वेळानं कुणीतरी हात वर केला. बाईंनी पाटी माझ्या हातात दिली, पायरी उतरल्या आणि एका म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. मग उठून म्हणाल्या, "आता आलासा तर घरी चला. हितंच हाय आपलं घर, मागच्या गल्लीत."