नव्या यंत्रात जुने रूळ

गोंदिया जंक्शनवर कित्येक दशके दोन मापांचे रूळ नांदले. मुंबई-हावड्याचा मार्ग १६७६ मिलिमीटरचा, तर बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी लाइन ७६२ची. छोट्या गाडीतला माल मोठीत चढवायचा तर हमाली आलीच. संगणकाच्या जगात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक, ही त्या हमालीला दिलेली बगल आहे: रुंद मार्गाच्या पोटातच छोटी लाइन अंथरायची आणि जुनी गाडी तिच्यावरून पळवायची. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणून मोठ्या यंत्रांवर हे केले. साध्या पीसीवर ते व्हीएमवेअरने आणले १९९९ मध्ये, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी.

याची गरज मोठ्या कंपन्यांनाच असते असे नाही. एखाद्या राईस मिलचे धान खरेदीचे हिशेब विंडोज एक्सपीवरच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकलेले असतात आणि तो लिहिणारा केव्हाच पांगलेला असतो. मग कोणीतरी जाणता मुलगा ते सगळे व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये व्हर्च्युअल मशीन करून बसवून देतो. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तशी नव्या संगणकाची खरेदी आली. ‘अख्खे मशीन म्हणजे एक फाइल तर आहे, कॉपी करा’ म्हणून काम सुरू होते. (पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर चार जीबीपुढची फाइल त्यावर बसत नाही, हे तेव्हाच कळते.)

‘एक फाइल’ हे अर्धसत्य आहे. चालू असताना हे आतले यंत्र बाहेरच्या खऱ्या यंत्राकडून किती उसने घेत होते ते दिसत नाही. हलवले की एकेक सावकार दारात येतो. नव्या संगणकाच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर मशीन उठतच नाही. आयडीई या जुन्या जोडणीवर वाढलेल्या एक्सपीची डिस्क साटा या नव्या जोडणीला लावली की बिघाडाचा निळा पडदा येतो. मशीन बंद न करता आहे त्या स्थितीत गोठवून आणले, तर वेगळ्या प्रोसेसरवर ते जागे व्हायला नकार देऊ शकते. यातले बहुतेक एका सेटिंगचे काम असते, आणि लोक त्यालाच घाबरतात.

मला भीती वाटते ती निमूटपणे सुरू होणाऱ्या मशीनची. मध्ये कधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणारा टप्पा, घेतला असेल, तर त्यानंतरची प्रत्येक नोंद वेगळ्या फाइलीत जाते; मूळ डिस्क स्नॅपशॉटच्या दिवशीच थांबलेली असते. ती एकटीच उचलून नव्या मशीनला जोडली, तर सगळे झकास चालू होते. फक्त हिशेब दोन वर्षांपूर्वीचे असतात. निळा पडदा निदान खरे बोलतो. इथे मात्र मुनीमजी त्या जुन्या वहीवरच नव्या पावत्या चढवू लागतात, आणि पुढे दोन्ही हिशेब जुळवणे म्हणजे डोकेदुखी.

म्हणून मशीन नीट बंद करून सगळा फोल्डर उचलावा, किंवा एक्स्पोर्ट करावे. सुरू झाल्यावर आधी शेवटची पावती कोणत्या तारखेची आहे ते बघावे. एक्सपीला ८ एप्रिल २०१४पासून सुरक्षेचा वाली नाही, तेव्हा त्याचे नेटवर्क तोडलेलेच बरे. आणि जुना संगणक भंगारात देण्याची घाई कशाला? एका खरिपाची खरेदी-विक्री नव्यावर पडू द्या, ताळेबंद जुळू द्या, मग बघू.