हायस्कूलच्या पहिल्या महिन्यात

कराड, जूनअखेर

चि. छकुलीस,


परवा तुझ्या बाबाचा फोन आला होता. म्हणाला, पोरगी शाळेतून येते, दप्तर कोपऱ्यात टाकते आणि गप्प बसते. मग तू फोनवर आलीस आणि तीन वाक्यांत विषय संपवलास: शाळा मोठी आहे, ओळखीचं कुणी नाही, गणित इंग्लिशमधून आहे. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस.

गावात सातवीपर्यंत तुझ्या वर्गात पोरं किती? बोटांवर मोजण्याइतकी. गुरुजींना तुमची म्हैस कधी व्याली तेसुद्धा ठाऊक. दोन दिवस आली नाहीस तर संध्याकाळी ते ओट्यावर हजर. पाटणच्या शाळेत एकेका तुकडीत साठ-सत्तर मुलं, दर पाऊण तासाला घंटा आणि प्रत्येक घंटेला वेगळे सर, वेगळ्या बाई. एका माणसासमोरून दिवसाला दोन-तीनशे चेहरे जातात. तुला समजलं नाही हे ते तुझ्या तोंडाकडे बघून ओळखतील, ही आशा सोड. टेबलाच्या त्या बाजूला माझी सगळी नोकरी गेली. जूनमध्ये आम्हाला नावानिशी लक्षात राहायची ती दोनच प्रकारची पोरं, दंगा करणारी आणि विचारणारी. दंगा तुझ्याच्यानं व्हायचा नाही. तेव्हा विचारायला लाग.

सत्तर जणांत हात वर करायचा धीर होत नसेल तर राहू दे. तास संपला की वही उघडी घेऊन दारापाशी जा. पण 'सर, कळलं नाही' एवढंच म्हणू नकोस, त्यावर सर तरी काय सांगणार? कुठपर्यंत कळलं त्या ओळीवर बोट ठेव आणि पुढची पायरी कशी आली ते विचार. उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि दोन मिनिटं सगळ्यांकडे असतात. एखादे सर खेकसतील. खेकसू देत. स्टाफरूममध्ये दुसरे कुणी असतातच.

आता तो इंग्लिशचा बागुलबुवा. तुला सेमीत घातलं ते बरं की वाईट, यावर तुझ्या बाबाशी माझा वाद झालेला आहे. तो त्याच्यापाशी राहू दे. अडचण काय आहे ते नीट बघ. तुला लसावि येतो, एलसीएम म्हटलं की हात थांबतो. काटकोन त्रिकोण झोपेतही काढशील, पण राइट अँगल्ड ट्रँगल ऐकेपर्यंत सरांनी फळा पुसलेला असतो. म्हणजे गणित येतंय, अडतंय ते नावांपाशी. आठवीच्या गणिताचं पुस्तक बालभारतीनं मराठीतही काढलेलं आहे. प्रकरणं तीच, उदाहरणंही तीच. ई-बालभारतीच्या साइटवर ते फुकट मिळतं, बाबाच्या मोबाइलवर उतरवून घे. आदल्या रात्री उद्याचा भाग मराठीतून वाच आणि वहीच्या मागच्या पानावर दोन्हीकडची नावं समोरासमोर लिही. पहिल्या घटक चाचणीत मार्क कमी पडतील, ते धरूनच चाल. आणि लगेच क्लास लावायचा हट्ट धरू नकोस. पाचला शाळा सुटल्यावर क्लास म्हणजे शेवटची एसटी, आणि घरी येऊन पुस्तक उघडायला अंगात त्राण उरणार नाही.

मैत्रिणींचं जरा वेगळं आहे. तुझी शाळा पाचवीपासूनची आहे. वर्गातल्या निम्म्या मुली तीन वर्षं एका बाकावर बसून आलेल्या, त्यांचे डबे, त्यांची भांडणं, त्यांचे रुसवे सगळं आधीचं. त्यांनी जागा दिली नाही म्हणजे तू नकोशी आहेस असं नाही, त्यांना तुझी गरजच पडलेली नाही अजून. खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांवरून तुझ्यासारख्या आठवीत आलेल्या दहा-बारा जणी असतीलच. त्यांतली एक शोध. तुझ्याच एसटीची असेल तर उत्तम, कारण निम्मी मैत्री बसच्या दांड्याला धरूनच होते. मात्र नव्यांचा कंपू करून जुन्यांच्या कुचाळक्या करत बसू नका, पुढची तीन वर्षं त्याच वर्गात काढायची आहेत. आणि कुणी 'झेडपीवाली' म्हणून हाक मारलीच तर हो म्हण. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली ती आमच्या कराडजवळ, काल्यात. खेड्यातलं पोर चार इयत्ता शिकून मोठ्या शाळेत बुजत-बुजत येणं या जिल्ह्याला काही नवीन नाही.

हे पुढचं आईसमोर वाचलंस तरी चालेल. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. तू ते करायचं नाहीस. डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, मग औषधं सुरू. बाटली भरून ने आणि ती संपवून ये. मधल्या सुट्टीत तिथे रांग असते, म्हणून तासाला उठून परवानगी मागायला लाजू नकोस. दाराला कडी नसेल तर चौघी मिळून बाईंना सांगा. एकीनं सांगितलं तर विसरलं जातं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद कायम ठेव. अचानक पाळी आलीच तर जवळच्या कुठल्याही बाईंना गाठ, त्या तुझ्या वर्गाच्या नसल्या तरी.

पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. पण आठवीतल्या मुलींना पाचवीच्या पोरांबरोबर खिचडीला बसायची लाज वाटते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. सकाळी नवाच्या गाडीला निघालेलं पोर पाचपर्यंत एका डब्यावर कसं राहील? बस आणि खा.

आता कामाचं. एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच देता येते, पुन्हा संधी नाही. पास होऊन निवड यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, तो प्रश्न आपल्याकडे नाही, आणि सातवीत तुला पंचावन्न टक्क्यांहून कितीतरी जास्त आहेत. पेपर दोन, प्रत्येकी 90 प्रश्न, वेळ नव्वद मिनिटं. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा सातवी-आठवीच्या अभ्यासावरचा. म्हणजे सातवीची पुस्तकं रद्दीत जाता कामा नयेत, तुझ्या आईला आजच सांग. अलीकडे ही परीक्षा डिसेंबरात होते. अर्ज शाळेमार्फत भरतात, पण 'ज्यांना बसायचं त्यांनी नावं द्या' हे एकदा प्रार्थनेनंतर सांगतात आणि त्या दिवशी पावसानं तुझी गाडी चुकलेली असते. म्हणून वर्गशिक्षकांना आत्तापासूनच विचारून ठेव.

एसटीच्या पासाचं काय झालं? बारावीपर्यंत मुलींना तो अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे, आणि बाबा म्हणाला, अजून रोज तिकीट काढतेस. शाळेच्या ऑफिसात जाऊन क्लार्ककाकांना विचार, शाळेचा सही-शिक्का कधी मिळेल म्हणून. तू स्वतः जा, बाबाला पाठवू नकोस. जाताना फोटो आणि आधारची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ने. नाहीतर कोयनेच्या पावसात लगदा होईल आणि पुन्हा फोटो काढायला मलाच पैसे मागशील.

तुझी,
आत्या